जपानच्या गरम कुंडात उतरण्यापूर्वी

जपानला जाणाऱ्या भारतीयांची संख्या झपाट्याने वाढते आहे. २०२४ मध्ये ती सुमारे २ लाख ३३ हजार होती. टोकियो-क्योटोच्या जोडीला सहलीत आता 'र्‍योकान' या पारंपरिक निवासातला एखादा मुक्काम असतो. तिथले मुख्य आकर्षण म्हणजे 'ओनसेन', नैसर्गिक गरम पाण्याचे कुंड. रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या गोळ्या घेणारी साठीपुढची मंडळीही हौसेने जातात. त्यांनी दोन गोष्टी समजून घ्यायला हव्यात.

पहिली गोष्ट उष्णतेची. कुंडातले पाणी साधारण ४० ते ४२ अंश सेल्सिअस असते. हिवाळ्यात कपडे बदलायची जागा थंड असते, उघड्यावरचे कुंड असेल तर हवा बोचरी. थंडीने रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो. गरम पाण्यात त्याच वाहिन्या सैलावतात आणि तो झपकन उतरतो. उठून उभे राहताना चक्कर येते ती यामुळे. जपानमध्ये घरच्या टबमध्ये बुडून दगावणाऱ्या ज्येष्ठांची संख्या रस्ते अपघातांत मरणाऱ्या ज्येष्ठांहून अधिक आहे. म्हणूनच तिथली ग्राहक संरक्षण यंत्रणा सांगते : पाणी ४१ अंशांपर्यंत, वेळ १० मिनिटांपर्यंत.

दुसरी गोष्ट जंतूंची. 'लिजिओनेला' हा जिवाणू कोमट पाण्यात आणि पाइपांच्या बुळबुळीत थरात वाढतो. तुषारांवाटे तो फुप्फुसात जातो आणि न्यूमोनिया होतो. २००२ मध्ये मियाझाकी प्रांतातील ह्युगा येथे एका स्नानगृहातून सुमारे ३०० जणांना लागण झाली, ७ जण दगावले. २०२३ मध्ये फुकुओका प्रांतातील एका जुन्या, नामांकित र्‍योकानात कुंडातले पाणी वर्षातून दोनदाच बदलले जात असल्याचे उघड झाले. नियम होता आठवड्यातून किमान एकदा बदलण्याचा. जिवाणूंचे प्रमाण मर्यादेच्या ३,७०० पट निघाले. पाणी पुन्हा पुन्हा फिरवून वापरायचे, तर क्लोरीन आणि सफाई टाळून चालत नाही. 'नैसर्गिक' म्हणजे आपोआप निर्जंतुक नव्हे. वज्रेश्वरी-गणेशपुरीच्या कुंडांनाही हेच लागू आहे.

म्हणून जाऊच नये का? जरूर जावे. तिथल्या रीतीतच बरेच शहाणपण आहे. आधी बसून अंग स्वच्छ धुवायचे, मग पायापासून वर गरम पाणी ओतून घ्यायचे आणि सावकाश उतरायचे. त्याने शरीराला सवय होते. जेवणाबरोबर साके घेतली असेल तर त्या रात्री कुंड नको. भरपेट जेवणानंतर लगेच नको, एकट्याने तर नकोच. आधी पाणी प्यावे, उठताना कठडा धरावा. मधुमेहाने पायांची संवेदना कमी झाली असेल तर पाण्याचा अंदाज पायाने घेऊ नये आणि तळव्याला जखम असेल तर उतरू नये. नुकताच हृदयविकाराचा झटका आलेल्यांनी, छातीत दुखणाऱ्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय उतरू नये.

परतल्यावर दोन आठवड्यांत ताप, खोकला, धाप लागली तर कुंडात उतरल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगा. लिजिओनेलावर पेनिसिलिन गटातली नेहमीची औषधे चालत नाहीत, वेगळी प्रतिजैविके लागतात. प्रवासाची ही एक ओळ वेळेत कळली, तर उपचार योग्य दिशेने सुरू होतात.