जॅकवर गाडी, खाली माणूस : हे आजपासून थांबवा

एटापल्ली, हेडरी, आलापल्ली आणि आष्टीच्या रस्त्यावर गॅरेज चालवणारे मेस्त्री, त्यांच्या हाताखाली काम शिकणारे पोट्टे, ट्रकमालक आणि चालक या सगळ्यांना हे कळकळीचे आवाहन. पाऊस तोंडावर आला आहे. तो लागण्याआधी तुमच्याकडचा प्रत्येक हायड्रॉलिक जॅक, त्यातही गिअरबॉक्स उतरवायचा जॅक, तपासून घ्या. आणि तपासलेला असो वा नसो, नुसत्या जॅकच्या भरवशावर कुणालाही गाडीखाली पाठवू नका.

घाई का, ते सांगतो. सुरजागडच्या खाणीला २०२३ मध्ये वर्षाला १ कोटी टन लोहखनिज काढण्याची पर्यावरण मंजुरी मिळाली. खनिज डोंगरात निघते, पण ते न्यायचे तर हेडरी, एटापल्ली, आलापल्ली, आष्टी हा रस्ता आलाच. भरलेली गाडी चढाला किंवा चिखलात अडकली की चालक क्लच अर्धवट दाबून तिला रेटतो, आणि प्लेट जळते. क्लच प्लेट बदलायची तर गिअरबॉक्स खाली उतरवल्याशिवाय गत्यंतर नाही. मोठ्या टिपरचा गिअरबॉक्स दोनशे-तीनशे किलोच्या घरात असतो. पावसाळ्यात अशी कामे वाढतात आणि नेमकी तेव्हाच जमीन मऊ झालेली असते.

पूर्वी हे काम वासा, दोर, चेन कप्पी आणि चार माणसांच्या जोरावर व्हायचे. बोटे चेंगरायची, कंबर धरायची. जॅक आल्याने ती दगदग गेली, हे खरेच. पण त्याबरोबर एक खोटी निर्धास्ती आली. दांडा मारला, गाडी उचलली गेली, म्हणजे आता ती तिथेच राहणार, असे माणूस धरून चालतो. जॅक उचलण्यासाठी असतो. धरून ठेवण्याचे काम स्टँडचे.

यामागचे कारण जॅकच्या पोटात आहे. दांड्याखालचा लहान दट्ट्या तेल ढकलतो, ते तेल मोठ्या दट्ट्याला वर उचलते. तेल दाबले जात नाही, म्हणून भार वर टिकतो. मात्र ते परत मागे वाहू नये यासाठी आत असतो एक लहानसा पोलादी छर्रा, आपल्या जागेवर घट्ट बसलेला, आणि दट्ट्याभोवती एक रबरी सील. तीनशे किलो असो की दहा टन, सगळा भार शेवटी या दोन बारक्या वस्तूंवर येतो. आता आपल्याकडची लाल धूळ आठवा. ती हेमेटाइटची, म्हणजे लोहखनिजाची धूळ. कडक आणि खरखरीत. तेल भरायचे बूच उघडे राहिले, मळका डबा वापरला आणि तिचा एक कण त्या छर्ऱ्याखाली जाऊन बसला, तर छर्रा पूर्ण टेकत नाही. जॅक हळूहळू खाली बसू लागतो. कधी बसायला तासभर लागतो, कधी कण सरकतो आणि भार एकदम येतो. बाहेरून काही दिसत नाही. तेलाचा थेंबही गळत नाही, कारण तेल आतल्या आत मागे फिरलेले असते.

म्हणून तपासणी भार देऊनच करा. रिकामा जॅक नुसता वर-खाली करून पाहण्याला अर्थ नाही. त्यावर त्याच्या क्षमतेत बसणारा भार घ्या, वीतभर उचला, दट्ट्यावर खडूने खूण करा आणि दहा मिनिटे लांब उभे राहा. खूण खाली सरकली तर जॅक त्याच दिवशी कामातून बाजूला काढा, त्यावर लाल रंगाने फुली मारा आणि दुरुस्त होईपर्यंत कुलपात ठेवा. कोपऱ्यात नुसता ठेवलात तर गर्दीच्या दिवशी कुणीतरी तो उचलणारच.

तेलाबाबत फार हयगय होते. हातात आहे ते ओतायचे, ही सवय सोडा. ब्रेक ऑइल चुकूनही घालू नका. साध्या जॅकची सीलं त्याने फुगतात आणि सडतात. गाडीतून काढलेले जुने इंजिन ऑइल म्हणजे तर धातूचा कीस आणि काजळी विकत न घेता भरणे. जॅकचे हायड्रॉलिक तेलच वापरा. दट्ट्या पूर्ण खाली असताना भरा, काठोकाठ भरू नका. मग सोडायचा व्हॉल्व्ह उघडा ठेवून दांडा दहा-पंधरा वेळा हलवा, म्हणजे आत अडकलेली हवा निघून जाईल. हवा राहिली तर जॅक स्प्रिंगसारखा दबतो, झटके देत चढतो. आणि तो क्षमतेपेक्षा जास्त भार उचलत नाही म्हणून आतला सेफ्टी व्हॉल्व्हचा स्क्रू आवळायचा, ही आपल्याकडची 'जुगाड' करामत जिवावर बेतणारी आहे. तो कारखान्यातून बसवून आलेला असतो, त्याला पाना लावू नका. क्षमतेची पट्टी रंगाखाली गेली असेल तर खरवडून वाचा.

काम संपल्यावर दट्ट्या नेहमी पूर्ण खाली घेऊन ठेवा. वर राहिला तर पावसाळी हवेत आठवड्यात गंजाचे ठिपके येतात, आणि तेच ठिपके पुढच्या वेळी सील कापतात.

आता प्रत्यक्ष कामाविषयी. गिअरबॉक्स जॅक हा फक्त गिअरबॉक्ससाठी आहे, त्यावर गाडी टेकवायची नाही. गाडी आधी दोन्ही बाजूंनी स्टँडवर घ्या, चाकांना पुढून-मागून ठोकळे लावा, हँडब्रेक ओढा, बॅटरीची तार काढा. गिअरबॉक्सचे तेल थंड होऊ द्या आणि काढून घ्या. मग जॅकची बैठक गिअरबॉक्सच्या मध्याखाली नेऊन साखळी किंवा पट्टा आवळा. बेल हाउसिंगकडची बाजू जड असते. शेवटचा बोल्ट निघाला आणि शाफ्ट क्लच प्लेटमधून सुटला की गिअरबॉक्स पटकन पुढे कलतो. बांधलेला नसेल तर तेव्हाच तो घसरतो, आणि सवयीने हात पुढे जातो. पडणाऱ्या गिअरबॉक्सला हात लावायचा नाही, हे पोट्ट्यांना पहिल्या दिवशीच शिकवा. सोडायचा व्हॉल्व्ह एकदम उघडायचा नाही. पाव फेराही पुष्कळ होतो. आणि बॉटल जॅकवर फळी ठेवून तिच्यावर गिअरबॉक्स तोलणे तर पूर्ण बंद.

लाकडाबद्दल एक गोष्ट. आलापल्लीचा साग जगभर नाव कमावून आहे, आणि आपल्या गॅरेजमध्ये गाडीखाली बघावे तर वाळवीने पोखरलेला, उभा चिरलेला तुकडा! ठोकळा भक्कम, रुंद, आडवा ठेवलेला हवा. चिरलेला चुलीत घाला.

रस्त्याच्या कडेला काम करावेच लागले तर जॅकच्या लहान चाकांखाली जाड लोखंडी पत्रा टाका. ओल्या मुरमात चाक रुतले की सगळा जॅक तिरपा होतो. शक्य तिथे गाडी ओढून पक्क्या जागेवर न्या. इथे ट्रकमालकांना हात जोडून सांगणे आहे. 'ट्रिप बुडते, इथेच उरका' असा फोन मेस्त्रीला करू नका. गाडीत दोन स्टँड आणि चार ठोकळे ठेवा. त्याचा खर्च एका ट्रिपच्या डिझेलपुढे काहीच नाही. एटापल्ली नगर पंचायतीला आणि रस्त्यावरच्या ग्रामपंचायतींना विनंती की बिघडलेल्या गाड्यांसाठी मुख्य रस्त्यापासून बाजूला एकेक काँक्रीटचा सपाट ओटा करून द्यावा. तालुक्याच्या आयटीआयने पावसाआधी एक दिवस ठेवून सगळ्यांचे जॅक भार देऊन तपासावेत. शिकणाऱ्या मुलांनाही त्यातून पुष्कळ कळेल.

जॅकमधून बारीक धार उडत असेल तर ती बोटाने चाचपू नका, पुठ्ठा धरून बघा. त्या दाबाचे तेल कातडीत शिरते. बाहेरून सुई टोचल्यासारखे दिसते, दुखतही नाही फारसे, आणि काही तासांत हात सुजून काळानिळा पडतो. असे झाले तर हळद-पट्टी न करता लगेच अहेरीच्या उपजिल्हा रुग्णालयात जा आणि 'दाबाचे तेल आत गेले आहे' असे डॉक्टरांना स्पष्ट सांगा. अशा हाताला शस्त्रक्रिया लागू शकते.

कुणी खाली दबला तर ज्या जॅकने दगा दिला तोच पुन्हा लावू नका. दुसरा जॅक लावा, बोटभर उचलले की ठोकळा सरकवा, पुन्हा उचला. १०८ ला आधी फोन करा. हात किंवा पाय बराच वेळ दबलेला असेल तर तो मोकळा करण्याआधी काय करायचे ते त्यांना विचारा. आपल्याकडे मोबाइलला सगळीकडे रेंज नाही, म्हणून गॅरेजपासून रेंज कुठे मिळते आणि गाडी कुणाची मिळेल, हे आजच ठरवून भिंतीवर लिहा.

गॅरेजमालकांना अजून दोन गोष्टी. १४ वर्षांखालील मुलाला कामावर ठेवणे गुन्हा आहे, आणि १८ च्या आतल्या कुणालाही गाडीखाली जायला लावू नका. कामावर जखमी झालेल्या माणसाला मालकाने भरपाई द्यावी, असा कायदा या देशात १९२३ मध्येच झाला. लहान गॅरेजवाल्याच्या हातात तेवढा पैसा नसतो, हेही खरे. निदान प्रत्येक कामगाराचा प्रधानमंत्री सुरक्षा विमा बँकेतून काढून घ्या. वर्षाला २० रुपये लागतात, वय १८ ते ७० चालते. अपघाती मृत्यूला २ लाख आणि कायमच्या अंशतः अपंगत्वाला १ लाख रुपये मिळतात. विम्याचे वर्ष १ जूनला सुरू होते, म्हणून मे महिन्यात खात्यात पैसे आहेत ना, हे पाहा.

ज्यांच्याकडे स्टँड नाहीत त्यांनी येत्या बाजाराच्या दिवशी ते आणावेत. तोवर गिअरबॉक्सचे काम घेऊ नये.