आधी दारू की आधी डिप्रेशन?

गेल्या शनिवारी बऱ्याच दिवसांनी माझा जुना रूममेट भेटला. फिल्टर कॉफी मागवली आणि शांतपणे म्हणाला, "दीड वर्ष झालं रे." दीड वर्ष म्हणजे दारू सोडल्याला. पुढची गोष्ट त्याला विचारूनच लिहितोय. नाव तेवढं नको म्हणाला.

आम्ही एकत्र राहायचो तेव्हा त्याचं पिणं शनिवारपुरतं होतं. मग बुधवारही आला, मग वाराचा हिशोबच राहिला नाही. पण त्याच्या आधीपासून काहीतरी बिनसलं होतं. रविवारी हा खोलीबाहेर यायचा नाही. आईचा फोन उचलायचा नाही. मी त्याचा जवळचा मित्र, तर मी काय केलं? "चल, बसू आज. मूड ठीक होईल," असं म्हणालो. आजही आठवलं की कसंतरी होतं.

पुढे तो स्वतःहून एका मानसोपचारतज्ज्ञाकडे गेला. ते म्हणाले, "आधी दारू सोडा, मग या. असल्यावर गोळ्या देऊन उपयोग नाही." मग तो एका व्यसनमुक्तीच्या ठिकाणी गेला. तिथे सांगितलं, "मनाच्या गोळ्याबिळ्या इथे चालणार नाहीत. एक नशा सोडून दुसरी कशाला?" झालं! आपल्याकडे कसं, एक टीम म्हणते बग तुमच्या मॉड्यूलमध्ये आहे, दुसरी म्हणते तुमच्या. तिकीट इकडून तिकडे फिरतं, दोन्हीकडचे रिपोर्ट हिरवेगार, आणि यूजर बसलाय तिथेच. फरक इतकाच की हा यूजर रोज रात्री पीत होता आणि सकाळी जगावंसं वाटत नाही म्हणत होता.

हे दोन वेगळे बग नाहीतच, एकमेकांना हाक मारणारी दोन फंक्शन्स आहेत. दारू थोडा वेळ मोकळं करते, पण मुळात ती मेंदूचं काम मंदावणारं द्रव्य. झोप पटकन लागते आणि पहाटे तीनला मोडते. मग अपुरी झोप, कालचा अपराधीपणा, ऑफिसात राडा, घरी भांडण. यातून आलेली उदासी बुजवायला संध्याकाळी पुन्हा तेच. एडवर्ड खांत्झियन या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञाने १९८५ साली मांडलं होतं की बरेच व्यसनी मजा म्हणून नाही, तर सहन न होणाऱ्या भावनांवर स्वतःच स्वतःला औषध द्यावं तशी नशा करतात. सगळ्यांना हे लागू पडत नाही. काहींची दारू आधीची असते आणि डिप्रेशन नंतरचं. पण गोल एकदा फिरायला लागला की सुरुवात कुठून झाली याने फारसा फरक पडत नाही.

आता डॉक्टरांची बाजूही सांगायला हवी. ते अगदीच चूक नव्हते. दारूमुळे आलेलं डिप्रेशन पुष्कळदा पिणं थांबल्यावर दोन ते चार आठवड्यांत आपोआप ओसरतं. त्यामुळे गोळ्या सुरू करायच्या आधी थोडं थांबून बघणं हे शास्त्राला धरूनच आहे. माझा आक्षेप थांबण्याला नाही, दाराबाहेर थांबायला सांगण्याला आहे. हे आठवडे पेशंटने कुणाच्या तरी देखरेखीखाली काढायला हवेत. त्यातून रोज भरपूर पिणाऱ्याने स्वतःच्या मनाने एकदम बंद केली तर फिट येऊ शकते, जिवावरही बेतू शकतं. "सोडून या" हा सल्ला म्हणूनच धोक्याचा.

आणि दोन्हींवर एकदम उपचार केले तर? २०१० साली अमेरिकेतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. दारूचं व्यसन आणि डिप्रेशन दोन्ही असलेले १७० जण, १४ आठवडे. काहींना डिप्रेशनसाठी सर्ट्रालीन, काहींना दारूची ओढ कमी करणारं नाल्ट्रेक्सोन, काहींना दोन्ही, काहींना नुसत्या साखरेसारख्या गोळ्या. जोडीला सगळ्यांनाच समुपदेशन. दोन्ही औषधं मिळालेल्यांपैकी जवळजवळ ५४ टक्के पूर्ण काळ दारूपासून लांब राहिले. बाकी तिन्ही गटांत हे प्रमाण २१ ते २८ टक्के होतं. एका अभ्यासाने सगळं सिद्ध होत नाही, मान्य. पण दिशा कळते.

आपल्याकडे ही कल्पना परकी नाही. पुण्याचं मुक्तांगण १९८६ साली येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात सुरू झालं, आणि ते उभं करणाऱ्या डॉ. अनिता अवचट स्वतः मानसोपचारतज्ज्ञ होत्या. गोव्यात तर प्राथमिक आरोग्य केंद्रांत, डॉक्टर नसलेल्या पण नीट प्रशिक्षण दिलेल्या काउन्सेलर्सनी डिप्रेशन आणि दारू या दोन्हींसाठी काम केलं. त्याचे चांगले निष्कर्ष २०१७ साली 'लॅन्सेट'मध्ये आले. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातही दारू आणि ड्रग्जशी जोडलेल्या मानसिक अवस्था मानसिक आजाराच्या व्याख्येतच धरल्या आहेत. म्हणजे कायद्याला जे कळलं ते कित्येक काउंटरवर अजून कळायचंय.

तर माझं म्हणणं एवढंच. आपल्या माणसाला कुठे नेत असाल तर पहिल्याच भेटीत विचारा : इथे दोन्ही बघता का? नसेल तर दोघं डॉक्टर एकमेकांशी बोलणार का? "आधी ते, मग हे" असं उत्तर आलं तर मधल्या काळात कोण बघणार, हेही विचारा. डिप्रेशनच्या नेहमीच्या गोळ्यांची दारूसारखी चटक लागत नाही, फक्त मनाने सुरू किंवा बंद करू नयेत. आणि काहीच सुचत नसेल तर १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी नंबर २०२२ पासून आहे. फुकट आहे, मराठीतही बोलतात.

माझ्या मित्राला शेवटी अशी एक डॉक्टर मिळाली, जिने पहिल्याच दिवशी दोन्ही प्रश्न विचारले : किती पिता? आणि मरावंसं वाटतं का? तो म्हणाला, "दोन्ही एका दमात विचारणारी ती पहिलीच रे."

मी त्याच्यासोबत दोन वर्षं एका फ्लॅटमध्ये राहिलो. दोन्हीपैकी एकही विचारला नव्हता.

असो. कॉफी चांगली होती. पुढच्या शनिवारी परत भेटतोय.