गेर्ड म्यूलर आणि त्याचा क्लब

व्यापार शिरला कीं कृतज्ञता बाहेर पडते, असा सर्वसाधारण समज आहे. म्यूनिकच्या बायर्न ह्या फुटबॉल क्लबाची हकीकत मात्र थोडी निराळी आहे. गेर्ड म्यूलर ह्यानें १९६४ पासून पंधरा वर्षें तेथें खेळून जर्मन साखळी सामन्यांत ३६५ गोल केले. १९७९ सालीं प्रशिक्षकाशीं बेबनाव होऊन तो अमेरिकेंत गेला. पुढें मद्यानें त्यास ग्रासलें. १९९१ सालीं त्यास उपचारांस धाडण्यांत पुढाकार घेतला तो उली हेनेसनें. हा त्याचा जुना सोबती, आणि क्लबाला व्यापार शिकविणारा व्यवस्थापकही हाच!

म्यूलर बरा होतांच त्यास तरुण खेळाडूंच्या शिक्षणाचें काम मिळालें. थैली अर्पण करणें सोपें, (आपल्याकडे तें फार होतें.) माणसास रोज सकाळीं मैदानावर यावयास लावणें कठीण. ह्यांत क्लबाचा लौकिकही वाढला, हें उघड आहे. परंतु तेवढ्यानें उपकार खोटा ठरत नाहीं. २००२ सालीं फुटबॉल विभागाची कंपनी झाली, आदिदासनें दहावा हिस्सा घेतला, तरी म्यूलर कामावर होताच. अखेरीस स्मृतिभ्रंश जडला, आणि २०२१ च्या ऑगस्टांत तो वारला.