सोन्याचे पुतळे आणि चाळीस डुकाट

रोडरोमिओ हा शब्द मराठीत कुणी आणला कुणास ठाऊक. पण पेपरवाल्यांना तो भारी आवडतो. रोडरोमिओंचा उच्छाद, रोडरोमिओंना चोप. पानाच्या ठेल्याजवळ चार पोरं उभी दिसली की झाले रोडरोमिओ. 2017 साली उत्तर प्रदेश सरकारने तर पोलिसांची पथकंच काढली आणि त्यांना अँटी-रोमिओ नाव ठेवलं. चारशे वर्षांपूर्वीच्या नाटकातल्या पोराच्या नावाने वॉरंट निघालं म्हणायचं.

आता छेड काढणाऱ्याला धरा, खुशाल धरा. आमच्याही बहिणी त्याच रस्त्याने कॉलेजला जातात. पण दोस्तहो, शेक्सपिअरचा रोमिओ नाक्यावर शिट्या मारत फिरत नाही. लग्नाची गोष्ट आधी काढते ती ज्युलिएट. मनात लग्न असेल तर उद्या निरोप धाड, कुठे आणि कधी ते कळव, असं ती त्याला रोखठोक सांगते. तेरा वर्षांची पोरगी, चौदावं अजून लागायचंय. दोघांच्या राजीखुशीला जे नाव द्यायचं, ते आपण गुंडाला दिलं. राजीखुशी आणि छेडछाड यातला फरक आपल्या समाजाला कळत नाही असं नाही. कळतो. म्हणूनच तो पुसायचा असतो. पोरगी स्वतःहून हसली हे मान्य केलं तर पंचाईत होते; पोराने छेडली म्हटलं की कुऱ्हाड काढायला मोकळे.

दुसऱ्या टोकाला आमचे प्राध्यापक. रोमिओ-ज्युलिएट शिकवताना त्यांचे डोळे भरून येतात. गच्ची, चांदणं, अमर प्रेम. (मूळ नाटकात बाल्कनी हा शब्दच नाही, खिडकी आहे. पण बाल्कनीशिवाय यांचं प्रेम चढत नाही.) आणि एखाद्या गावात जातीबाहेर जीव लावणारी पोरं मारली गेली की हेच लोक उसासा टाकतात: आमच्या मातीतले रोमिओ-ज्युलिएट! आमचं भांडण आहे ते या उसाशाशी.

नाटक उघडून बघा. पहिल्या प्रवेशाच्याही आधी शेक्सपिअर सांगून टाकतो की ही दोन घराणी मानमरातबाने सारखी आहेत. माँटेग्यू आणि कॅप्युलेट. दोघांकडे वाडे, दोघांकडे नोकरचाकर, दोघांच्या कमरेला तलवारी. दोन्ही घरांची पोरं एकाच पाद्र्यासमोर गुडघे टेकतात. भांडण कशावरून लागलं ते शेवटपर्यंत कळत नाही, आणि कळायची गरजही नाही. बरोबरीच्यांचं भांडण बांधावरूनसुद्धा लागतं. बरं, वैर तरी किती पक्कं? कॅप्युलेटच्या घरी मेजवानी चाललेली असते, तिथे रोमिओ मुखवटा घालून बिनबोलावता घुसतो. टिबाल्ट त्याला ओळखतो, तलवार मागवतो. घरमालक म्हातारा काय करतो? टिबाल्टलाच दटावतो. राहू दे रे त्याला, चांगल्या चालीचा पोरगा आहे, गावात त्याचं नाव चांगलं आहे. शत्रूचा पोरगा, शत्रूच्या घरात, पोरीच्या हातात हात देऊन उभा, आणि त्याच्या केसालाही धक्का लागत नाही.

2014 साली तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या खर्ड्याला सतरा वर्षांच्या दलित पोराला मारून झाडाला टांगलं. वरच्या जातीच्या पोरीशी बोलतो हा संशय, एवढंच. तो कुणाच्या मेजवानीत घुसला नव्हता. 2017 साली खालच्या कोर्टात साक्षीदार एकामागून एक फिरले आणि आरोपी सुटले. या दोन गोष्टींना एकच लेबल लावणारा माणूस एकतर नाटक वाचलेला नाही, नाहीतर गाव बघितलेला नाही.

नावाचंच घ्या. ज्युलिएट खिडकीत उभी राहून नावाचं काय घेऊन बसलात असा सवाल करते. तो सवाल आपल्याकडे म्हणीसारखा झालाय, शाळेतली पोरंसुद्धा फेकतात. रोमिओ तर नाव टाकायलाच तयार आहे. त्याला ते जमूही शकतं. माँटेग्यू हे नाव काढलं की खाली उरतो तो व्हेरोनातला एक खानदानी तरुण. आमच्याकडे आडनावं बदलून बघितली लोकांनी. गावाच्या नावाला 'कर' जोडला, कुणी आडनावच गाळलं. भाड्याची खोली बघायला गेलं की मालक तिसऱ्या प्रश्नाला बरोबर पोचतो. नाव टाकता येतं साहेब, पण ज्या वस्तीतून आलो ती कुठे टाकायची?

हिंदी सिनेमावाल्यांनी हे बरोबर ओळखलं होतं. 1988 च्या 'कयामत से कयामत तक'मध्ये दोन राजपूत ठाकूर घराणी. समोरासमोर, बरोबरीची, दोघांकडे बंदुका. पब्लिक रडलं आणि घरी गेलं, कुणाच्याच जातीला खरचटलं नाही. 1957 साली न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर आलेल्या 'वेस्ट साइड स्टोरी'ने निदान एक बाजू पोर्तो रिकोहून आलेल्यांची केली, दुसरी गोऱ्यांची. बरोबरी मोडली. आपल्याकडे ती मोडायला 2016 उजाडलं. नागराज मंजुळेचा 'सैराट'. पाटलाची पोरगी आणि मासे धरणाऱ्याचा पोरगा. त्यालाही लोक मराठी रोमिओ-ज्युलिएट म्हणाले. पण शेवट आठवा. व्हेरोनात प्रिन्स येतो तो निवाडा करायला. सैराटमध्ये प्रिन्स नावाचा भाऊ येतो, माहेरच्या भेटवस्तू घेऊन. हात मिळवणारे दोन बाप तिथे नाहीत. दाराबाहेर पडणारी लहान पोराची पावलं आहेत.

बाबासाहेबांनी 1916 साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात दाखवून दिलं की जात टिकते ती जातीतल्या जातीत लग्न लावण्यावर, आणि त्यासाठी बाईला आवळावं लागतं: सती, सक्तीचं वैधव्य, पोरीचं लहानपणी लग्न. ज्युलिएटचा बाप यात परका वाटत नाही. पहिल्यांदा तो पॅरिसला म्हणतो, दोन उन्हाळे जाऊ दे, तिचं मन वळव. टिबाल्ट मेल्यावर हा शहाणपणा संपतो. गुरुवार ठरला! पोरगी नाही म्हणते तर म्हातारा पिसाळतो. माझी आहेस तर मी सांगेन त्याला देईन. नाहीतर भीक माग, उपाशी मर, रस्त्यावर मर, या अर्थाचं बोलतो. आणि आई? तुझ्याहून लहान पोरी इथे आया झाल्यात, असं तिने आधीच ऐकवलेलं असतं. हा संवाद कुठल्याही वाड्यात चालेल, झोपडीतही चालेल. आपल्या वस्तीतले बाप काही वेगळे नाहीत, हेही इथेच लिहून ठेवतो. पोटजातीबाहेर पोरगी गेली की निळ्या झेंड्याखालचा माणूससुद्धा कॅप्युलेट होताना आम्ही बघितलाय.

पाद्री लॉरेन्सचा विचार मात्र बरा होता. लग्न लावू, म्हणजे दोन घरांचं वैर मिटेल. 1936 साली बाबासाहेबांनीही जातीच्या निर्मूलनाचा खरा उपाय आंतरजातीय लग्न हाच सांगितला. पण फरक बघा. लॉरेन्स चोरून लग्न लावतो, कुणाला न दुखवता, आणि सगळी मदार एका चिठ्ठीवर ठेवतो. चिठ्ठी नेणारा साधू साथीच्या संशयाने घरात कोंडला जातो आणि खेळ खलास. बाबासाहेब चिठ्ठीवर थांबले नाहीत. लोक जातीबाहेर लग्न का करत नाहीत, तर शास्त्रं त्यांच्या डोक्यात बसलीत. आधी त्या शास्त्रांचा धाक उखडा, असं त्यांनी सवर्ण सुधारकांसाठी लिहिलं. लाहोरच्या त्या मंडळींनी भाषणच होऊ दिलं नाही.

मग हे नाटक आम्ही फेकून द्यायचं का? नाही. शेक्सपिअरच्या बाजूने एक गोष्ट आहे आणि ती प्राध्यापक क्वचितच सांगतात. गोष्ट त्याची नाही. इटलीतून, फ्रान्समधून फिरत आलेली. त्याच्या हाताशी होती ती आर्थर ब्रुक नावाच्या माणसाची 1562 ची लांबलचक इंग्रजी कविता. तिच्या प्रस्तावनेत ब्रुक बजावतो की आईबापांची आणि वडीलधाऱ्यांची आज्ञा मोडून वासनेमागे धावलेल्या पोरांचं हे असंच होणार. जातपंचायतीचा सरपंच याहून वेगळं काय बोलतो? साधारण 1595 च्या सुमाराला शेक्सपिअरने तीच पोरं घेतली, तेच विष, तेच थडगं, आणि बोट उलटं फिरवलं. पोरं गुन्हेगार नाहीत, घरं गुन्हेगार. प्रेतांसमोर प्रिन्स दोन्ही बापांना पुढे बोलावतो आणि तुमच्या द्वेषाचं फळ बघा म्हणतो. एवढं केलं त्याने. त्याला सलाम.

पण आम्ही नाटक खालून वाचतो. खालून वाचलं की वेगळीच माणसं दिसतात.

नाटक सुरू होतं ते नोकरांच्या मारामारीने. कॅप्युलेटचे सॅम्प्सन आणि ग्रेगरी. भांडण मालकांचं, डोकी यांची. मेजवानीची यादी मालक ज्याच्या हातात देतो तो नोकर निरक्षर. कुणाकुणाला बोलवायचं ते त्याला वाचताच येत नाही. रस्त्यात एक शिकलेला पोरगा भेटतो, त्यालाच तो यादी वाचायला लावतो. तो पोरगा रोमिओ. यादीत त्याला रोझालिनचं नाव दिसतं, तिच्यासाठी तो मेजवानीला जातो आणि ज्युलिएट दिसते. वाड्यात सोनं भरून ठेवणाऱ्यांनी नोकराला चार अक्षरं शिकवली असती तर सगळी गोष्ट तिथेच थांबली असती. आमच्याकडे हे ज्योतिबांनी ओरडून सांगितलं. व्हेरोनात सांगणारा कुणी नव्हता.

दाईचं बघा. तिची स्वतःची पोर सुझन, ज्युलिएटच्याच वयाची, मेलेली. तिच्या वाट्याचं दूध ज्युलिएटला गेलं. मग हीच दाई ऐनवेळी पॅरिसशी लग्न कर म्हणते तेव्हा वर्गातले सगळे तिला दगाबाज ठरवतात. ज्या बापाने आत्ता पोटच्या पोरीला रस्त्यावर काढायची धमकी दिली, तो नोकर बाईला काय ठेवणार होता? म्हातारपणी तिने कुठे जायचं?

आणि शेवटचा माणूस. मांटुआतला औषधं विकणारा. रोमिओला तो आधी आठवतो तो त्याच्या दारिद्र्यामुळे. अंगावर चिंध्या, गालावर भूक, दुकानात टांगलेलं कासव, पेंढा भरलेली मगर, फळ्यांवर रिकामी खोकी. विष विकणाऱ्याला मांटुआत मरणाची शिक्षा. रोमिओ त्याच्यापुढे चाळीस डुकाट टाकतो. माणसाचं मन तयार होत नाही, पोट तयार होतं. तसं तो बोलूनही दाखवतो. आणि सोनं हेच विषाहून वाईट विष, असं रोमिओ त्याला सुनावतो. स्वतः सोनं मोजत असताना!

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. थडग्यात प्रेतं. माँटेग्यू म्हणतो, ज्युलिएटचा शुद्ध सोन्याचा पुतळा उभारतो. लगेच कॅप्युलेट म्हणतो, मग रोमिओचाही तसाच. बोली लागते, प्रेतं थंड व्हायच्या आत. बरोबरीचे लोक बरोबरीने पुतळे उभारणार. आज व्हेरोनात ज्युलिएटचं म्हणून एक घर दाखवतात, बाल्कनी विसाव्या शतकात जोडलेली. अंगणात पितळी रंगाची ज्युलिएट उभी आहे, कांस्याची. तिला हात लावून नशीब उजळतं म्हणून लोकांनी आधीची मूर्ती इतकी झिजवली की 2014 साली ती हलवून नकल ठेवावी लागली.

प्रिन्स जाता जाता सांगतो की काहींना माफी मिळेल, काहींना शिक्षा. कुणाला काय, ते तो सांगत नाही. ब्रुकच्या कवितेत सांगितलंय. पाद्री सुटला, दाईला हद्दपारी, औषधवाल्याला फाशी. शेक्सपिअरने ती फाशी लिहिली नाही. विषाची पुडी घेऊन निघताना रोमिओ त्या माणसाला म्हणतो की यातून खायला घे, अंगावर मांस चढू दे. त्यानंतर तो माणूस स्टेजवर येत नाही.