घरचे अक्षरशिक्षण

लहान मुलास घरी वाचावयास शिकविण्यासाठी साधने कोठून आणावी, असे पालक पुष्कळदा विचारतात. आमच्या मते रंगीत तक्त्यांवर फार खर्च करू नये. ‘क कमळाचा’ पाठ म्हणणारे मूल वाचतेच असे नाही. ग, म, भ, न ही चार अक्षरे आली, की मन, नभ, गगन हे शब्द त्यास स्वतः जुळविता येतात. त्यास एक पाटी पुरे. पुढे दिनदर्शिका, दुकानाचा फलक, आजीने सांगितलेली व आईने लिहून घेतलेली गोष्ट, ही उत्तम वाचनपुस्तके होत. १९७१ साली निघालेल्या ‘किशोर’ मासिकाचे जुने अंक बालभारतीच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात. उणीव आहे ती रोज मुलाजवळ बसणाऱ्या माणसाची. विद्यार्थी मित्रहो, आईबापांस सवड नसेल, तर धाकट्या भावंडांजवळ तुम्ही बसावे.