विश्लेषण : स्वतंत्र संचालक व्हायचे आहे, पण कंपनीचे दार ठोठवायचे कसे?

गिरगावात तीस वर्षे लेखापरीक्षणाचा व्यवसाय केलेले सनदी लेखापाल, दादरला राहणारे निवृत्त बँक अधिकारी, लोअर परळला गिरण्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या कार्यालयांतून पन्नाशीत बाहेर पडलेले व्यवस्थापक. अनुभव दांडगा, हिशेब पक्के. अशांपैकी अनेकांना एखाद्या कंपनीच्या संचालक मंडळावर बिगरकार्यकारी, त्यातही स्वतंत्र संचालक म्हणून जायचे असते. रोजचा कारभार पाहायचा नाही, पण कारभाऱ्यांना प्रश्न विचारायचे, हे ते काम. घोडे अडते ते कंपनीपर्यंत पोहोचण्यात.

परीक्षा दिली, नाव नोंदवले. मग बोलावणे का येत नाही?

कारण ती नोंद म्हणजे नियुक्ती नव्हे. स्वतंत्र संचालकांची माहितीपेढी डिसेंबर २०१९ पासून भारतीय कॉर्पोरेट कार्य संस्था चालवते. तिथे नाव घातल्यावर दोन वर्षांत ऑनलाइन चाचणी द्यावी लागते. उत्तीर्ण होण्यास ५० टक्के गुण पुरतात आणि दहा वर्षे व्यवसाय केलेले वकील, सनदी लेखापाल, कंपनी सचिव यांना तीही माफ आहे. म्हणजे पात्रतेची चाळणी फार बारीक नाही. खरी निवड प्रवर्तकांच्या ओळखीपाळखीतून होते, अशी तक्रार जुनीच आहे आणि ती निराधार नाही.

तरीही गरज कायद्यानेच निर्माण केली आहे. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार सूचिबद्ध कंपनीत किमान एकतृतीयांश संचालक स्वतंत्र हवेत. भरणा झालेले भांडवल १० कोटी, उलाढाल १०० कोटी किंवा कर्जे-ठेवी ५० कोटींच्या वर, यांपैकी एक अट लागू होणाऱ्या असूचिबद्ध पब्लिक कंपन्यांतही सर्वसाधारणपणे दोन लागतात. पाच-पाच वर्षांच्या सलग दोन मुदती संपल्या की स्वतंत्र संचालकाला त्या कंपनीतून तीन वर्षे बाहेर राहावे लागते. जागा कधी रिकामी होणार, हे वार्षिक अहवालातील नियुक्तीच्या तारखेवरून बाहेरच्या माणसालाही कळते. इच्छुकांपैकी किती जण ते पान उघडून पाहतात, हा प्रश्नच आहे.

मग पत्र कोणाला आणि काय लिहायचे?

प्रवर्तकाला तर मुळीच नाही. सूचिबद्ध कंपनीत नामनिर्देशन व मानधन समिती असते. तिच्या अध्यक्षांना, कंपनी सचिवांमार्फत लिहावे. स्वतंत्र संचालक नेमताना मंडळात कोणते कौशल्य आहे, कोणते नाही, याचा विचार या समितीने करायचा असतो. वार्षिक अहवालात कोणत्या संचालकाकडे कोणते कौशल्य आहे, याचा तक्ताही छापलेला असतो. तो वाचून आपण कोणती उणीव भरून काढू, हे एका पानात सांगणारे पत्र दहा पानी परिचयपत्रापेक्षा वजनदार ठरते. औषध कंपनीला निर्यातीच्या नियमांचा जाणकार हवा असेल, तर चौथा लेखापाल तिला नको असतो. ‘सेवेची संधी मिळावी’ हा नोकरीच्या अर्जाचा सूरही इथे घातक. जो उपकाराच्या ओझ्याखाली आत येतो, तो उद्या प्रश्न कसा विचारणार?

ओळखीच्या कंपनीकडेच आधी जाण्याचा मोह साहजिक आहे, पण कायदा तिथेच आडवा येतो. मागील तीन आर्थिक वर्षांत ज्या लेखापरीक्षण संस्थेने कंपनीचे हिशेब तपासले, तिचा भागीदार तिथे स्वतंत्र संचालक होऊ शकत नाही. गिरगावातल्या लेखापालाला सर्वात जवळचे दार बहुधा हेच असते आणि नेमके तेच बंद असते. पहिली संधी बड्या कंपनीत मिळण्याची आशाही कमीच. लघू व मध्यम उद्योगांच्या मंचावर नोंदणी झालेल्या कंपन्यांचा मार्ग अधिक व्यवहार्य. मात्र तिथे कागदपत्रे ढिसाळ असण्याचा धोकाही मोठा.

बसवणारे उठवूही शकतात?

फोर्टमधील बॉम्बे हाउसने ते २०१६ मध्ये दाखवले. ऑक्टोबरमध्ये सायरस मिस्त्री यांना टाटा सन्सच्या अध्यक्षपदावरून दूर केल्यानंतर नस्ली वाडिया यांनी त्यांची बाजू घेतली. बॉम्बे डाइंगचे वाडिया तेव्हा टाटा स्टील, टाटा मोटर्स आणि टाटा केमिकल्समध्ये स्वतंत्र संचालक होते. डिसेंबरमध्ये भागधारकांच्या विशेष सभांत तिन्ही कंपन्यांतून त्यांना काढण्यात आले. एवढ्या मोठ्या उद्योगपतीची ही गत, तर दादरच्या निवृत्त अधिकाऱ्याची काय कथा! त्यानंतर नियम कडक झाले. दुसऱ्या मुदतीतील स्वतंत्र संचालकाला काढण्यासाठी २०१८ पासून विशेष ठराव आवश्यक झाला. १ जानेवारी २०२२ पासून सूचिबद्ध कंपनीत नेमणूक आणि गच्छंती या दोन्हींसाठी सर्वसाधारणपणे असा ठराव लागतो. म्हणजे विरोधी मतांच्या किमान तिप्पट मते बाजूने हवीत. प्रवर्तकाचा हिस्सा मोठा असेल तिथे हे संरक्षण पातळच राहते.

होकार देण्यापूर्वी काय तपासावे?

मुलाखत दोन्ही बाजूंनी असते, हे अनेक जण विसरतात. आधीचे स्वतंत्र संचालक मुदतीपूर्वी गेले असतील तर सूचिबद्ध कंपनीला त्याची सविस्तर कारणे शेअर बाजाराला कळवावी लागतात, ती वाचावीत. लेखापरीक्षकाने मध्येच काम सोडले का, प्रवर्तकांचे किती शेअर गहाण आहेत, संबंधित पक्षांशी व्यवहार किती, हे पाहावे. वित्त प्रमुखांना आणि लेखापरीक्षकांना भेटू द्या, असे स्पष्ट सांगावे. एवढी विनंती खटकणाऱ्या कंपनीत पाऊल न टाकलेलेच बरे. संचालकांच्या दायित्वाचा विमा बाजारमूल्याने पहिल्या १,००० सूचिबद्ध कंपन्यांना सक्तीचा आहे. इतरांकडे तो मागून घ्यावा लागतो.

मोबदल्याचे गणितही मांडावे. बैठकीचे शुल्क कायद्याने जास्तीत जास्त एक लाख रुपये. छोट्या कंपन्या त्याहून बरेच कमी देतात. कर्मचाऱ्यांना मिळतात तसे शेअरचे पर्याय स्वतंत्र संचालकाला घेता येत नाहीत. दुसरीकडे, त्याच्या माहितीने, संमतीने किंवा त्याने पुरेशी दक्षता न घेतल्याने घडलेल्या गैरप्रकारासाठी कायदा त्याला जबाबदार धरतो. राजीनामा दिला तरी कार्यकाळात घडलेल्या गुन्ह्यांचे उत्तरदायित्व त्याच्याबरोबर घरी येते.