वाटदचे तोफगोळे आणि विकासाचे गणित

रत्नागिरी जिल्ह्याला लष्करी खर्चाची ओळख झाली ती निवृत्तिवेतनातून. ब्रिटिश अमदानीत दापोलीच्या कॅम्पात पेन्शनर सैनिकांची वस्ती होती. सुभेदार रामजी सकपाळही निवृत्तीनंतर काही काळ तेथेच राहिले. त्या पैशाने घरे चालली, मुले शिकली. उद्योग उभारण्याइतके बळ त्यात नव्हते.

आता हाच खर्च वेगळ्या रूपाने येऊ घातला आहे. रत्नागिरी तालुक्यातील वाटद औद्योगिक क्षेत्रातील दारूगोळा प्रकल्पासाठी रिलायन्स डिफेन्सने मे २०२५ मध्ये जर्मनीच्या ऱ्हाइनमेटल कंपनीशी करार जाहीर केला. वर्षाला २ लाख तोफगोळे आणि १० हजार टन स्फोटके, अशी त्याची घोषित क्षमता आहे.

संरक्षणखर्चाने विकासाला गती मिळते का, हा वाद जुना आहे. एमिल बेन्वा यांनी १९७३ मध्ये ४४ विकसनशील देशांच्या आकडेवारीवरून होकारार्थी कौल दिला. देगर आणि स्मिथ या अभ्यासकांनी १९८३ मध्ये बचतीवर पडणारा ताण हिशेबात धरून तो फिरवला. भारतापुरते बोलायचे तर एकूण रकमेपेक्षा तिची वाटणी अधिक बोलकी ठरते. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पातील ६.८१ लाख कोटींच्या तरतुदीपैकी भांडवली खर्चाला १.८० लाख कोटी आणि निवृत्तिवेतनाला १.६० लाख कोटी रुपये होते. निवृत्तिवेतन टाळता येत नाही. पण त्यातून नवे कौशल्य निर्माण होत नाही. आयात शस्त्रांचा पैसा तर परदेशातील कामगाराच्या हाती पडतो. म्हणूनच आधुनिकीकरणाच्या तरतुदीतील ७५ टक्के वाटा देशी उद्योगांसाठी राखून ठेवण्यात आला.

मात्र देशी म्हणजे स्थानिक नव्हे. स्फोटकांचे उत्पादन बरेचसे यंत्रांवर चालते आणि कुशल माणसे बाहेरून आणणे कंपनीला सोपे असते. लोखंडी कवचे, सुटे भाग, वेष्टन यांची कामे जिल्ह्यातील लघुउद्योगांना मिळाली तरच पैसा येथे फिरेल. तशी अट करारातच हवी; पुढे आश्वासनांवर विसंबण्यात अर्थ नाही. एन्रॉनचा अनुभव जिल्ह्याच्या विस्मरणात गेलेला नाही. धोक्याचाही विचार हवा: भंडारा येथील आयुध निर्माणीत जानेवारी २०२५ मध्ये झालेल्या स्फोटात ८ कामगारांचा बळी गेला.

शिवाय तोफगोळ्यांना आज जी जागतिक मागणी आहे, तिच्यामागे २०२२ मध्ये पेटलेले युक्रेन युद्ध आहे. ते थांबले आणि युरोपची कोठारे भरली, की वाटदची यंत्रे चालू ठेवण्याचा भार मुख्यतः भारतीय सैन्याच्या मागणीवर, म्हणजे पुन्हा अर्थसंकल्पावरच येईल.